कार्याचा जनक कोण?

जालन्याचें नांव बियाण्यांच्या धंद्यांत सर्वदूर झालेलें आहे. १९६४ सालीं श्री. बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही कंपनी स्थापिली, व १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणें तयार करतांना मादी वाणाच्या ओळी कोणत्या व नर वाणाच्या कोणत्या, याची नोंद पेरणीच्या वेळींच ठेवावी लागते. मागाहून दाणा हातांत घेऊन कितीही निरखला, तरी नुसत्या डोळ्यांस त्याचे आईबाप दिसत नाहींत. संगणकाच्या क्षेत्रांतही असाच एक प्रश्न उद्भवतो.

संगणकांतील सर्व कामांची वांटणी करणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा एक प्रकार रिअल-टाइम, म्हणजे कालबद्ध होय. मोटारीस धडक बसतांच आंतील हवेची पिशवी तत्क्षणीं फुगली पाहिजे. अशा ठिकाणीं उशिरां आलेलें बरोबर उत्तरही चुकीचेंच ठरतें. या प्रणालींत प्रत्येक कामास टास्क म्हणतात. एक टास्क दुसऱ्यास जन्म देऊं शकतो. काम संपल्यावर त्याची वर्दी जनकास द्यावयाची, तर जनकाची ओळख ठाऊक हवी. ती मिळवावी कशी?

१९६९ सालीं जन्मलेल्या युनिक्स प्रणालींत हें सोपें आहे. तेथें प्रत्येक कार्याच्या नोंदींत जनकाचा क्रमांक लिहिलेला असतो, व गेट-पी-पी-आय-डी या आज्ञेनें तो मिळतो. जनक आधीं संपला, तर पोरक्या कार्यास बहुधा पहिल्या क्रमांकाचें कार्य दत्तक घेतें.

परंतु रिचर्ड बॅरी यांनीं २००३ च्या सुमारास निर्मिलेल्या फ्रीआरटॉस या कालबद्ध प्रणालींत अशी नोंदच नसते. तिचे संगणक चिमुकले, स्मरणशक्ति कित्येकदां थोड्या किलोबाइटांची. म्हणून अनावश्यक ओझें तिनें टाळलें आहे. तेथें टास्कास स्वतःची ओळख विचारतां येते, जनकाची येत नाहीं. यावर उपाय पेरणीच्या नोंदीसारखाच आहे. जनकानें प्रथम स्वतःची ओळख मिळवावी, व नवा टास्क निर्माण करतांना ती त्याच्या हातीं पॅरामीटर म्हणून द्यावी. नटएक्स नांवाच्या प्रणालींत मात्र जनकाची नोंद ठेवण्याची सोय आहे. पण प्रणाली सिद्ध करतांनाच ती निवडावी लागते, व तिच्यापायीं थोडी स्मरणशक्ति खर्चीं पडते.

येथें एक धोका ध्यानांत धरावा. फ्रीआरटॉसमधील ओळख म्हणजे वस्तुतः स्मृतींतील एका जागेचा पत्ता होय. जनक मध्येंच नष्ट झाला, तर ती जागा दुसऱ्याच कामास मिळूं शकते. मग मुलानें जुन्या पत्त्यावर धाडलेली वर्दी भलत्याच ठिकाणीं पडते व तेथील मजकूर बिघडवते. रुग्णास थेंबथेंब औषध देणाऱ्या यंत्रांत असें घडलें, तर जिवाशींच गांठ! यास्तव मुलांचीं कामें संपेपर्यंत जनकानें नाहींसें होऊं नये; जाणें भागच असेल, तर आधीं मुलांस तसें कळवावें.

विद्यार्थिमित्रहो, जी माहिती पुढें लागणार, ती आरंभींच नोंदून ठेवावी, व ती अद्यापि खरी आहे ना, हें वापरण्यापूर्वीं पाहावें. शेतकरी व संगणकज्ञ या दोघांसही हा नियम सारखाच लागू आहे.