गोडसे भटजी : युद्ध पाहिलेला विद्वान

दिंद्रुडला बोलायचा विषय कळवला, तेव्हा एकाने लगेच विचारलं, "गोडसे भटजी युद्धवार्ताहर कधी झाले? ते तर भिक्षुक होते." शंका रास्त आहे. त्यांना कोणत्या वर्तमानपत्राने पाठवलं नव्हतं, पगार नव्हता. तरीही 1858 साली झाशीच्या वेढ्यात अडकलेल्या सामान्य माणसाचं काय झालं, हे मराठीत वाचायचं तर त्यांच्या 'माझा प्रवास'कडेच जावं लागतं. म्हणून आज त्यांचं आयुष्य आणि त्यांचं पुस्तक आपण वार्ताहराच्या बाजूने बघू.

आधी वार्ताहर म्हणजे कोण, ते पाहू. विल्यम हॉवर्ड रसेल हा लंडनच्या 'टाइम्स'चा माणूस. 1854 पासून क्रिमियाच्या युद्धातून त्याने बातम्या पाठवल्या. सैनिकांचे हाल, आजारपण, अधिकाऱ्यांचा गोंधळ हे सगळं लोकांना घरबसल्या वाचायला मिळालं आणि इंग्लंडात खळबळ उडाली. हाच रसेल 1858 च्या आरंभी हिंदुस्थानात आला. सरसेनापती कॉलिन कॅम्बेल यांच्या छावणीत राहून त्याने मार्चमध्ये लखनौ पडताना पाहिलं. आपल्याच लोकांनी घेतलेल्या सूडाबद्दल त्याने कडक शब्दांत लिहिलं, हे त्याचं मोठेपण. पण तो तोफेच्या मागच्या बाजूला होता. आपले भटजी त्याच मार्च महिन्यात तोफेच्या तोंडासमोर होते.

विष्णुभट गोडसे यांचा जन्म 1827 चा, गाव पेणजवळचं वरसई. घराणं वैदिकाचं. आज विद्वान म्हटलं की पदव्या आठवतात. त्या काळची विद्वत्ता म्हणजे वर्षानुवर्षं पाठांतर, यज्ञकर्माचं ज्ञान, अक्षर न चुकता म्हणण्याची सवय. ही विद्या होती, पण घरावर कर्जही होतं. अशात बातमी आली की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळेल. काका रामभट यांच्यासोबत भटजी 1857 साली उत्तरेकडे निघाले.

मंडळी, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. दिवाळीनंतर आपल्या भागातून कोयता घेऊन किती बिऱ्हाडं निघतात! कुणी हौसेनं जात नाही. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. भटजींचंही तसंच होतं. ते युद्ध बघायला निघाले नव्हते. कर्ज फेडायला निघाले आणि वाटेत युद्ध आडवं आलं.

महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले. काडतुसांची हकिगत आणि लवकरच काय होणार हे त्यांच्याकडून कळलं. तिथून परत फिरता आलं असतं. पण रिकाम्या हाताने घरी काय जायचं? दोघे पुढे गेले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करत झाशीला पोचले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले.

1858 च्या मार्चअखेर सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. मदतीला आलेल्या तात्या टोपेंचा 1 एप्रिलला बेतवा नदीपाशी पराभव झाला. 3 एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. तारखा आपल्याला कुठल्याही इतिहासात मिळतात. भटजींनी काय दिलं? रात्री तोफेचे गोळे तांबड्या चेंडूंसारखे कसे दिसत, तटाला पडलेलं खिंडार रात्रीतून गवंडी कसं बुजवत, शहर पडल्यावर घराघरांत लपलेल्या माणसांची काय दशा झाली. कत्तलीला ते 'बिजन' म्हणतात. त्यांच्या जवळचे पैसेही लुटले गेले. आणखी एक नुकसान त्यांना फार लागलं. ते म्हणजे झाशीच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस. सेनापतीच्या अहवालात पोथ्यांना जागा नसते. पोथी हातात धरून वाढलेल्या माणसालाच ते दुःख कळतं. त्यांची विद्वत्ता त्यांच्या वार्तेच्या उपयोगी पडली ती अशी.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा दिसल्या. घोड्यावर, पुरुषी वेषात, धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले. विद्वान ब्राह्मणाला त्यांनी श्रम पडू दिले नाहीत, स्वतःच पाणी काढून ओंजळीने प्यायल्या. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरपाशी त्यांना वीरमरण आलं. त्यांच्यावर पुढे पोवाडे झाले, कविता झाल्या, पुतळे उभे राहिले. पण हरलेली, थकलेली, तरीही रीत न सोडलेली राणी जवळून पाहिलेल्या माणसाने लिहून ठेवली, हे मोल वेगळं आहे.

आता दुसरी बाजूही बघितली पाहिजे. या पुस्तकातलं सगळंच खरं धरायचं का? नाही. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्यास बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं पुढे ठेवली, अशी हकिगत त्यात येते. अशी सभा झालेलीच नाही. ती ऐकीव गोष्ट होती. मग ती फेकून द्यायची का? तसंही नको. सभा झाली नाही, पण लोकांना ती झाली असं वाटत होतं, हेही एक सत्यच आहे. लोक का पेटले ते त्यातून कळतं. मात्र वाचताना आपण दोन ढीग करायचे. भटजींनी डोळ्यांनी पाहिलेलं एका बाजूला, कानांनी ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. झाशीचा वेढा पहिल्या ढिगात, कलकत्त्याची सभा दुसऱ्यात.

दोन-अडीच वर्षांनी भटजी वरसईला परतले. धन काही उरलं नव्हतं. खांद्यावर गंगेची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. मग गावात भिक्षुकी करत राहिले. इंग्रजांचं राज्य होतं, बंडाच्या गोष्टी उघड लिहायची सोय नव्हती. 1883 च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी मोडीत हकिगत लिहिली. म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनी! रसेलचं पुस्तक 1860 लाच बाजारात आलं होतं. भटजींचं आलं 1907 साली, ते वारल्यावर. तेसुद्धा जसंच्या तसं नाही. वैद्यांनी भाषा बदलली, मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं आणि दत्तो वामन पोतदारांनी ते 1966 साली छापलं. लढाईनंतर एकशे आठ वर्षांनी भटजींचा स्वतःचा आवाज वाचकापर्यंत पोचला. मध्ये हिंदीत अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा ग़दर' नावाने अनुवाद केला होता, तोही खूप वाचला गेला.

वैद्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांनी लिहायला सांगितलं नसतं तर काहीच उरलं नसतं. पण साक्षीदाराचं बोलणं "नीट" करायला गेलं की त्यातला साक्षीदार पुसट होतो, एवढं यातून शिकायचं.

आणि शिकायचं आत्ताच आहे. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो. त्या आधीची रझाकारांची दहशत, गावं सोडून रानात काढलेल्या रात्री, नंतर फौज आल्यावर झालेल्या गोष्टी, चांगल्या आणि वाईटही, हे लहानपणी पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या पुढची आहेत. ज्यांच्या घरात, ओळखीत असं कुणी असेल त्यांनी घरी गेल्यावर त्यांच्यापाशी बसा. मोबाइल सगळ्यांकडे आहे, आवाज टिपून घ्या. मध्ये बोलू नका, भाषा सुधारू नका. फक्त एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा : "आज्जी, हे तुम्ही स्वतः बघितलं, का कुणी सांगितलं?" दोन्ही लिहून घ्या, वेगवेगळं.

गोडसे भटजींना विचारणारा एक माणूस पंचवीस वर्षांनी का होईना, भेटला. आपल्या म्हाताऱ्यांना विचारायला आता तेवढा वेळ नाही.