गाणं तेच, बार वेगळा

पुण्यात नोकरीला असलेली माझी भाची शनिवारी संध्याकाळी फोनवर म्हणाली, "मावशी, उद्या निवांत बोलू हं, आज गिग आहे." आता हे गिग काय प्रकरण, ते समजून घेण्यात पाच मिनिटं गेली. तर एका पबमध्ये चार पोरं आणि एक मुलगी गिटार, ड्रम वगैरे घेऊन जुनी इंग्रजी रॉक गाणी म्हणतात. स्वतःची नव्हेत, दुसऱ्यांची. बीटल्स, ईगल्स, डीप पर्पल... पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीची. अशा मंडळींना म्हणे ‘कव्हर बँड’ म्हणतात. त्या दिवशी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ होणार होतं. मला आधी वाटलं, हे त्या पबचंच नाव! आमच्या बुलडाणा जिल्ह्यात मलकापूर ते खामगाव हायवेवर या नावाचा एखादा ढाबा सहज खपून जाईल. पण नाही, ते ईगल्स या अमेरिकन बँडच्या १९७६ सालच्या अल्बममधलं गाणं निघालं.

"आणि लोक काय, बिअर पीत पीत ऐकतात?"

"अगं, पबच आहे तो! आणि ती मुलगी काय भारी गाते माहितेय..."

भाचीच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. मलाही काही वावगं वाटलं नाही. पण फोन ठेवला आणि आमच्या भागातली एक बाई डोळ्यांसमोर आली. तीही दुसऱ्यांचीच जुनी गाणी गायची. तिचेही श्रोते ग्लास समोर ठेवून बसायचे. तिच्या घरचे मात्र कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगी मुंबईले कंपनीत हाये."

तिचं नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलंय. आधी गावच्या भजनी मंडळात, मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये, मग ऑर्केस्ट्रात. घरी आकाशवाणी अकोला लावून गाणी पाठ करायची. वहीत शब्द उतरवून घ्यायचे, राहिलेली ओळ पुढच्या वेळी गाणं लागेल तेव्हा. ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगायला नको. गणपतीत, देवीत, यात्रेत चौकात स्टेज लागायचं, बायका सतरंज्या घेऊन आधीच जागा धरायच्या. निवेदक शेरोशायरी करायचा आणि मग ‘आवाज की दुनिया’ सुरू व्हायची. एक रफी, एक किशोर, एक मुकेश. लता आणि आशा मात्र बहुतेक वेळा एकच बाई! त्या एकीच्या गळ्यावर अख्खी रात्र निघायची.

मग ते दिवस आटले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद झाले. वर्षातले ठरावीक पंधरा दिवस तेवढी बारापर्यंत सवलत. (नियम चांगलाच आहे. घरात आजारी माणूस असलं की त्याची किंमत कळते.) पण रात्रभर चालणारा कार्यक्रम तीन तासांवर आला. त्यात डीजे आला. दहा-बारा कलाकारांना जेवू घालण्यापेक्षा मंडळांना तो सोपा. आमची गायिका घरी बसली. मग कुणीतरी नवी मुंबईतल्या ऑर्केस्ट्रा बारमधल्या कामाचं सांगितलं आणि एका रात्री ती मलकापूरहून गाडीत बसली.

ऑर्केस्ट्रा बार हा प्रकार आपल्याकडच्या बायकांना ऐकूनच माहीत. एका बाजूला छोटं स्टेज, त्यावर की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि गाणारे. खाली टेबलं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर फर्माईश लिहून पाठवणार, वर टीप. ती टीप एकटीची नसते, वाटे पडतात. "ताई, लोकायले वाटते तिथं नवीन गाणे चालत असतील," ती म्हणाली. "पण रात्री अकरा वाजले की सारे जुन्यावर येतात. पन्नाशीचा माणूस डोळे पुसत बसते. मी लताबाईचं गाणं म्हणते, तो कोनासाठी रडून राहिला, मले काय मालूम!"

मी तिला विचारलंच, "भीती नाही वाटली?"

"वाटे ना. पण गिऱ्हाइकाची कमी, मोजणीची जास्त."

मोजणी? तेव्हा तिने सांगितलं आणि मी नंतर कागदोपत्रीही वाचलं. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात अट होती, स्टेजवर चार बाया आणि चार पुरुष, यापेक्षा जास्त नाही. पाचवी बाई दिसली की केस. पोलिस आले की गाणं कसं चाललंय हे कोण बघतं, डोकी मोजायची. छापा पडला की दुसऱ्या दिवशी पेपरात की-बोर्डवाला ‘वादक’ आणि गाणारी ‘बारबाला’! तोंडाला ओढणी बांधलेला फोटो वेगळाच.

या अटीचा उगम सगळ्यांना आठवत असेल. डान्स बारवर राज्याने २००५ साली बंदी आणली. घराघरांतल्या बायकांनी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला, मीही टाकला. पण त्या कायद्यातली एक गोम फार थोड्यांच्या लक्षात आली. तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं बंदीतून वगळली होती! म्हणजे गल्लीतल्या बारमध्ये नाच झाला तर समाज बिघडतो आणि पंचतारांकित हॉटेलात झाला तर बिघडत नाही. हायकोर्टाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तेच कायम केलं. पुढे नवे कायदे, नवे खटले झाले. आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने चार-चारची ती अटही काढून टाकली. स्टेजवर आठ कलाकार ही मर्यादा राहिली, पण त्यात बाया किती आणि पुरुष किती, हे ठरवणं सरकारचं काम नाही. बाईला जपायच्या नावाखाली तिचं काम हिरावून घेऊ नका, असा त्या निकालाचा साधा अर्थ.

गिगला जाणाऱ्या भाचीला हे सांगितलं तर ती उडालीच. तिच्या पबमध्ये कोण डोकी मोजतंय!

इंग्रजीतलं गाणं असलं की नजर बदलते, असं मला वाटायचं. पण तेही इतकं सरळ नाही. उषा उत्थुप (तेव्हाच्या उषा अय्यर) आपल्या मुंबईच्याच, पोलिस अधिकाऱ्याची मुलगी. १९६९ साली मद्रासच्या नाइटक्लबमध्ये त्या पहिल्यांदा गायल्या. मग कलकत्त्याच्या ‘ट्रिंकाज’मध्ये, काठापदराची साडी, मोठं कुंकू आणि तोंडी इंग्रजी गाणी. दुसऱ्यांचीच. म्हणजे कव्हर बँडच की! तिथून सिनेमात गेल्या. तरी १९८०च्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्याने त्यांचं गाणं म्हणजे ‘अपसंस्कृती’ ठरवून सरकारी सभागृहांची दारं बंद केली होती. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आमच्या गायिकेला मी हे सगळं सांगितलं तर म्हणते, "त्यायच्या घरचे संग असतील ना ताई."

यावर काय बोलणार?

गंगूबाई हनगल म्हणायच्या, गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, बाई मात्र केसरबाई-मोगूबाईंसारखी ‘बाई’च राहते. त्या धारवाड-हुबळीकडच्या. लहानपणी रस्त्याने जाताना त्यांना ‘गाणेवाली’ म्हणून हिणवलं जायचं. शास्त्रीय संगीतातल्या बाईची ही कथा, तर बारमधलीची काय!

मात्र एक गोष्ट मी सोडून देणार नाही. आमच्याकडे दारूने उजाड झालेली घरं मी पाहिली आहेत. गावातल्या पंचवीस टक्के बायांनी सह्या करून मागणी केली की दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारला की दुकान बंद. विदर्भात वर्धा, गडचिरोली कित्येक वर्षं कोरडे जिल्हे आहेत, निदान कागदावर तरी. अशी मागणी आमच्या गावात आली तर मी सही करीन, आणि बार बंद झाला तर आनंदच होईल. मग तिथल्या गाणारीचं काय, या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. तिला मी हे तोंडावर सांगितलं. तर शांतपणे म्हणाली, "ताई, दारू मी नाई काढली. मायाही बाप पेत होता. बाटली आडवी करा, पन मले उभी राहू द्या."

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं, बार बंद झाले आणि ती परत आली, ती आलीच. चार-चारची अट गेल्याची बातमी तिला जुन्या की-बोर्डवाल्याने फोनवर कळवली. "आता आठच्या आठ बाया चालतात म्हने," असं सांगून खूप हसली. परत जायचं मात्र मनात नाही. सध्या हळदीचे, बारशाचे कार्यक्रम करते. करावके ट्रॅक मोबाइलमध्ये, एक स्पीकर, एक माइक, बस. बायकांच्या फर्माइशी गिऱ्हाइकांपेक्षा जड असतात म्हणे, कारण त्यांना गाण्याची सगळी कडवी पाठ असतात आणि चुकलं की लगेच टोकतात.

खामगावची मोठी देवी इतरांसारखी नवरात्रात नाही, कोजागिरीला बसते. तेव्हा तिथल्या एका मंडळाने तिला बोलावलंय. पोस्टरवर नाव टाकायचं का, म्हणून विचारायला आले होते. तिने दोन दिवस मागितले, मग हो म्हणाली. पहिलं गाणं देवीचं, मग फर्माइशी. दहाला माइक बंद.