उंबरठा नसलेली कचेरी

गेल्या दिवाळीपर्यंत आमची ही रोज डोंबिवलीहून लोकलने मुंबईला कचेरीत जात असे. जाण्यायेण्यातच अडीच-तीन तास मोडत. मग आठवड्यातले चार दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली, तेव्हा मी पेढे आणले. म्हटले, "सुटलीस एकदाची!"

चार महिन्यांतच ध्यानात आले, सुटली ती फक्त गर्दीतून. कचेरीला वाटे, ही घरीच आहे. मग रात्री नऊला काम सांगायला काय हरकत? आणि घरालाही वाटे, ही घरीच आहे; मग कुकर लावायला काय हरकत? या 'घरा'त मीही आलो, हे कबूल करतो. तिची मीटिंग चालू असताना खुणेने चहा मागणारा मीच! एका संध्याकाळी तर आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने आईच्या खुर्चीमागे उभे राहून मला विचारले, "बाबा, आई ऑफिसातून कधी येणार?" मी हसलो. ही मात्र हसली नाही.

तसे हे खूळ आजचे नव्हे. अमेरिकेत जॅक निल्स यांनी १९७३ सालीच 'टेलिकम्युटिंग' हा शब्द काढला. पुढे २०१० च्या सुमारास चीनमधील 'सीट्रिप' या प्रवास कंपनीने काही नोकरांना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. तरीही पुढे निवड करण्याची मोकळीक मिळताच त्यांतले जवळजवळ निम्मे कचेरीत परतले. घरी एकटेपणा वाटतो, अशी अनेकांची तक्रार होती. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेनंतर कचेरीशी संपर्क न ठेवण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आला आहे.

म्हणजे दोष घरून काम करण्याचा नव्हे. कचेरीतून घरी येताना माणूस एक उंबरठा ओलांडतो. तोच हरवला की, काम कुठे संपले आणि घर कुठे सुरू झाले, हे कुणालाच कळत नाही.

आम्ही तो उंबरठा नव्याने घातला. सहा वाजता लॅपटॉप कपाटात जातो. ही चपला घालून कोपऱ्यापर्यंत फिरून येते आणि दाराची घंटा वाजवते. कन्या धावत जाऊन ओरडते, "आई आली!"

आणि चहा? तो मी करतो. साखर अजून चुकते. पण तक्रार कमी झाली आहे.