बॅनॅकचे बंधू

'लॉज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुक्कामाच्या खोल्या येतात. फ्रीमेसन मंडळींच्या परिभाषेत मात्र लॉज म्हणजे परस्परांना बंधू मानणाऱ्या सभासदांची स्थानिक शाखा. अमेरिकेतील मोंटाना प्रांतात या संघटनेची पाळेमुळे एका रुग्णाच्या मृत्यूपाशी जाऊन पोहोचतात. म्हणूनच वैद्यकीय व्यावसायिकांना हा इतिहास उद्बोधक वाटावा.

जुलै १८६२ मध्ये तेथील ग्रासहॉपर ओढ्याच्या वाळूत सोने सापडले आणि बघता बघता बॅनॅक ही खाणवस्ती उभी राहिली. जवळपास न्यायालय नव्हते. शेजारी कोण, कोठला, हे कुणी सांगू शकत नव्हते. त्याच नोव्हेंबरात विल्यम बेल हा गृहस्थ 'डोंगरी तापा'ने दगावला. हे रोगनाम तेव्हा सैलपणे वापरले जाई. विषमज्वर आणि गोचिडीच्या दंशाने होणारे ज्वरही त्यात मोडत असावेत. आपला अंत्यविधी मेसन पद्धतीने व्हावा, ही त्याची अखेरची इच्छा होती. नॅथॅनिअल लँगफर्ड यांनी वस्तीत निरोप धाडला. येतील मोजके, असे वाटले होते, जमले ७६! इतके बंधू आपल्या आसपास राहतात, याची तोवर कुणालाच कल्पना नव्हती.

मे १८६३ मध्ये आल्डर गल्च येथे सोने सापडताच गर्दी तिकडे लोटली. तेथील व्हर्जिनिया सिटीत कॅन्ससच्या सनदेवर लॉज स्थापन झाले आणि जानेवारी १८६६ मध्ये तीन लॉजेसनी मिळून मोंटानाचे ग्रँड लॉज उभारले.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. त्या लॉजचे प्रमुख पॅरिस फाउट्स हेच दरोडेखोरांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गुप्त दक्षता समितीचेही अध्यक्ष होते. या समितीने १८६४ च्या प्रारंभी काही आठवड्यांत सुमारे वीस जणांना रीतसर खटल्याविना फासावर चढविले. त्यांत बॅनॅकचा शेरीफ हेन्री प्लमरही होता. त्याच्या अपराधाविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. परस्परविश्वासातून जशी सेवा घडते, तसाच अन्यायही घडू शकतो.

बॅनॅक आज निर्मनुष्य आहे. १८७४ मध्ये बांधलेली दुमजली वास्तू मात्र उभी आहे : वर लॉज, खाली मुलांची शाळा. मुलखाबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या समाजाला ही रचना मोलाचे काही सांगून जाते. बंधुभाव सभागृहात जपावा खरा; परंतु त्याच्या तळमजल्याचे दार मात्र सर्वांसाठी खुले असावे.