वर्ग ठरतो सीसीवर, खर्च पडतो खिशावर

यामाहा आरएक्स १३५च्या सिलिंडरचा बोअर ५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५० मिलिमीटर. गुणाकार केला की १३२ सीसी येतात. पिस्टन झिजला, सिलिंडरला रेघा पडल्या की लेथवाल्याकडे जायचं, अर्ध्या मिलिमीटरने बोअर वाढवून घ्यायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. इंजिन आता १३४.४ सीसीचं झालं. आणखी एकदा बोअर केलं की १३६च्या पुढे. रस्त्यावर या दोन-चार सीसींना कुणी विचारत नाही. शर्यतीत मात्र त्यांच्यावर सगळं अवलंबून असतं. वर्गाची कमाल मर्यादा इंजिनाच्या मूळ मापाला चिकटून आखली, तर दुरुस्त केलेलं इंजिन बाद ठरतं आणि स्वाराला नवं सिलिंडर विकत घ्यावं लागतं. मर्यादा थोडी सैल ठेवली, तर तेच सिलिंडर आणखी दोन हंगाम चालतं. नियमपुस्तकातला एक आकडा गरीब स्वाराला आत घेतो किंवा बाहेर ठेवतो, तो असा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, शेजारी एमआयडीसी, पुढे बदलापूरचीही एमआयडीसी. टर्नर, फिटर, मिलिंगवाले घरोघरी. उल्हासनगर तर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं, कुठलीही वस्तू उघडून पुन्हा बनवणारं गाव. वेगाची हौस इथे कमी नाही, आणि ती नको त्या ठिकाणी, खोणी-काटई रस्त्यावर रात्री भागवली जाते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अशा पट्ट्यातून मोटारसायकल शर्यतीचे स्वार आणि ट्यूनर ओळीने निघायला हवे होते. ते का निघत नाहीत, याचं उत्तर मला वर्गांच्या नियमांत दिसतं.

आधी भूगोल. आपल्याकडची सर्किट शर्यत वाढली ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर. येझदी, राजदूत ३५०, आरएक्स १०० यांचा तो जमाना. १९९०मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आला, मग कोइम्बतूरची करी स्पीडवे. ग्रेटर नॉयडाचा बुद्ध सर्किट २०११चा. फॉर्म्युला वन आणि २०२३ची मोटोजीपी तिथे झाली, पण राष्ट्रीय अजिंक्यपदाचं माहेर दक्षिणेतच राहिलं. बदलापूरच्या पोराने गाडी कल्याणला पार्सलच्या डब्यात चढवायची, तर चेन्नई हजार-बाराशे किलोमीटरच्या पलीकडे. एका हंगामात अशा अनेक फेऱ्या. ट्रॅकवर उतरण्याआधीच पैसा निघून जातो, म्हणून गाडीवरचा खर्च तरी नियमांनी आवाक्यात ठेवायला हवा.

राष्ट्रीय मोटारसायकल अजिंक्यपदात गेल्या काही हंगामांत मुख्य वर्ग दोन: प्रो-स्टॉक ३०१ ते ४०० सीसी आणि प्रो-स्टॉक १६५ सीसी. जोडीला नवख्यांसाठी आणि मुलींसाठी स्टॉक वर्ग. एफएमएससीआय, म्हणजे देशातली मोटार क्रीडा संघटना, हे नियम करते. कागदावर रचना साधी आहे, खरा वाद तिच्या आत आहे.

१६५चा वर्ग घ्या. वॉटर-कूल्ड यामाहा आर१५ १५५ सीसीची. टीव्हीएसची अपाची १६० ही १५९.७ सीसीची, हवा आणि तेलावर थंड होणारी. डिसेंबर २०२१मध्ये टीव्हीएसने अपाची आरटीआर १६५ आरपी नावाची गाडी काढली: २०० नग, १६४.९ सीसी, किंमत १ लाख ४५ हजार. हा आकडा योगायोगाने आलेला नाही, वर्गाच्या मर्यादेला भिडूनच इंजिन बेतलेलं आहे. १९८२पासून रेसिंग विभाग चालवणाऱ्या कंपनीने असं करण्यात काही गैर नाही, उलट तो अभिमानाचा विषय आहे. पण खासगी स्वाराच्या हातात राहते ती सेकंडहँड आर१५.

या आर१५चं सिलिंडर जवळून बघण्यासारखं आहे. जुन्या आरएक्समध्ये बिडाची स्लीव असायची. कुठलाही चांगला लेथवाला ती बोअर करून होनिंग करून देई. आर१५मध्ये यामाहाचं डायासिल सिलिंडर आहे. सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम एका साच्यात ओतलेलं, आत स्लीवच नाही. पिस्टन थेट त्या कठीण कणांच्या पृष्ठभागावर फिरतो. उष्णता झटकन बाहेर जाते, वजन कमी, इंजिन दीर्घायुषी. मात्र एकदा रेघ पडली की नेहमीच्या बोअरिंगचा इलाज चालत नाही, सिलिंडरच बदलायचं. कार्बोरेटरचे जेट बदलून होणारं काम आता ईसीयूच्या नकाशात गेलं. तंत्र पुढे गेलं आणि त्याबरोबर पैसा अंबरनाथच्या लेथवरून कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर गेला. स्टॉक वर्गात ‘काही बदलायचं नाही’ हा नियम खर्च वाचवण्यासाठी असतो, पण जिथे झिजलेला भाग दुरुस्त न होता बदलावाच लागतो तिथे तोच नियम खर्च वाढवतो. झीज भरून काढण्यापुरती स्लीव बसवायला परवानगी हवी, हे माझं ठाम मत आहे.

खर्चावरचा दुसरा उपाय म्हणजे वन-मेक कप. टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफिल्ड, केटीएम या सगळ्यांनी तो केला. निवड चाचणी द्यायची, निवड झाली की कंपनीच्या सारख्याच गाड्यांवर धावायचं. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये तर काही हंगाम मोटो३च्या घाटाची एनएसएफ२५०आर मिळत असे. स्वारासाठी यापेक्षा न्याय्य काय असणार? हरला तर दोष गाडीवर टाकता येत नाही. या कपांनी गरीब घरातली मुलं ट्रॅकवर आणली, हे मान्य करायलाच हवं. पण तिथे गाडीला हात लावतो तो कंपनीचा मेकॅनिक. आमच्या पट्ट्यातल्या आयटीआय झालेल्या, पोर्टिंग शिकलेल्या मुलाला त्या पिटमध्ये जागाच नाही. स्वार घडतात, ट्यूनर घडत नाहीत. शर्यतीचा निम्मा वारसा त्यात जातो.

३०१ ते ४०० सीसी वर्गाची अडचण निराळी आहे. अपाची आरआर ३१० ही ३१२ सीसी, ३८ अश्वशक्तीची. केटीएम आरसी ३९० ही ३७३ सीसी, ४३ अश्वशक्तीच्या आसपास, आणि ती आपल्या चाकणला बनते. दोघी एका रांगेत उभ्या. जागतिक सुपरस्पोर्ट ३०० मालिकेत असा फरक वजन आणि आरपीएमच्या मर्यादांनी मिटवत. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीने रेघ मारली: ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यावर ४० टक्के. शर्यतीचा वर्ग ३०१ ते ४००चा, कराची रेघ बरोबर त्याच्या मधून. येत्या काळात कंपन्या ३५०च्या खाली सरकतील, असा माझा अंदाज आहे. वर्गाची वरची मर्यादा आत्ताच ३५०वर आणून जुन्या ३९०ना ठरावीक हंगामांची सवलत दिली, तर स्वाराला गाडी घेताना पुढचं दिसेल.

खर्चाला खरा लगाम घालणारा नियम मात्र आपल्याकडे फारसा चर्चेतही नाही. २०१२मध्ये मोटोजीपीत खासगी संघांसाठी सीआरटी वर्ग आला, तेव्हा त्यांचं इंजिन गिअरबॉक्ससह २०,००० युरोंना मागून घेण्याचा हक्क कारखानदार संघांना होता. एवढ्याला विकावं लागू शकेल, म्हणून कुणी फार महागडं इंजिन बसवू नये, हा हेतू. तिथे तो फार टिकला नाही, कारण त्या पातळीवर पैशाचा महापूर असतो. नवख्यांच्या १६५ वर्गात मात्र तो चपखल बसेल. पहिल्या तिघांचं इंजिन ठरलेल्या किमतीला कुठल्याही प्रतिस्पर्ध्याला मागता यावं. शर्यतीनंतर हेड काढून, बोअर गेजने तीन उंचींवर व्यास मोजून चोरी पकडणारी तपासणी लागेलच, पण नियमात बसणाऱ्या उधळपट्टीला ती अडवू शकत नाही. ती उधळपट्टी इंजिन मागून घेण्याच्या नियमाने अडते.

मातीच्या ट्रॅकवर परिस्थिती बरी आहे. राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या पुणे, नाशिकला होत आल्या आहेत, आणि तिथे कंपनीच्या संघात नसलेल्यांसाठी ‘प्रायव्हेट एक्स्पर्ट’ असा वेगळा वर्ग असतो. खिसा बघून आखलेला हा वर्ग सर्किटवाल्यांनी जसाच्या तसा उचलावा. जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. परदेशी स्वार, ४५० सीसीच्या आयात गाड्या, भरलेलं स्टेडियम. देखणं झालं, पण त्या गाड्या आपल्या मुलांच्या आवाक्यातल्या नाहीत.

एका बाबतीत काटकसर मुळीच नको. ऑगस्ट २०२३मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर नवख्यांच्या शर्यतीत बेंगळुरूचा अवघ्या १३ वर्षांचा गुणी स्वार अपघातात गेला. स्वस्त वर्ग म्हणजे लहान मुलांचा वर्ग असं समीकरण होऊ लागलं, तर वय, हेल्मेट, लेदर सूट, मार्शल आणि ट्रॅकवरचा डॉक्टर या खर्चाला कात्री लावण्याचा विचारही कुणी करू नये. इंजिनवर वाचलेला पैसा तिथेच जायला हवा.

आमच्या पट्ट्यासाठी सगळ्यात जवळचा दरवाजा ड्रॅग शर्यतीचा. लोणावळ्याच्या पुढे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते. बदलापूरहून कर्जत, खोपोली करत सकाळच्या प्रहरात पोचता येतं, गाडी टेम्पोत टाकून. ड्रॅगमध्ये टू-स्ट्रोकना अजून मान आहे, आणि एक्झॉस्टचा चेंबर बनवणं, पोर्ट घासणं, रीड व्हॉल्व्ह जुळवणं ही कामं हातांचीच राहिली आहेत. तिथल्या संयोजकांनी एक टू-स्ट्रोक वर्ग फक्त लोखंडी स्लीवच्या इंजिनांसाठी ठेवावा, दोन ओव्हरसाइज बोअर मोकळे ठेवावेत, निकालपत्रावर स्वाराच्या नावाशेजारी ट्यूनरचं नाव छापावं, आणि हे नियम तीन हंगाम बदलणार नाहीत असं आधीच जाहीर करावं.