पाणी फुकट पडते, पण वाटा कोणाचा?

आमच्या वस्तीतले एक काका पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. फंडाचे पैसे हाती आले. काही छपराच्या दुरुस्तीला गेले, काही धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला. उरलेले दोन लाख बँकेत होते. अशा वेळी पैशांचा वास लागल्यासारखी माणसे घर शोधत येतात. काकांकडेही एक गृहस्थ आले. हातात गुळगुळीत कागदाचे रंगीत पत्रक. त्यावर डोंगर, धबधबा आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेले : लघु जलविद्युत प्रकल्पात भागीदार व्हा, पाच वर्षांत दामदुप्पट.

काका पत्रक घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "पाणी तर आभाळातून फुकट पडतं. कोळसा नको, डिझेल नको. मग यात पैसा बुडेल कसा, ते सांगा."

प्रश्न साधा होता, पण उत्तर आम्हाला लगेच देता येईना. म्हणून आम्ही थोडे वाचले, जाणकार मंडळींना विचारले. जे समजले ते आज सर्वच वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. कारण असे पत्रक उद्या आपल्यापैकी कोणाच्याही दारात येऊ शकते.

पाण्याची वीज होते कशी?

वीज पाण्यातून निघत नाही, ती पाण्याच्या पडण्यातून निघते. किती पाणी आणि किती उंचीवरून, या दोन गोष्टींवर सगळा हिशेब आहे. दर सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर खाली पडले, तर त्यात दहा वॉटला थोडी कमी इतकी शक्ती असते. नळीतले घर्षण आणि यंत्रातली गळती वजा केली, की गावपातळीवरच्या यंत्रात त्यातले सहा वॉट हाती लागतात. आता एखाद्या ओढ्याचे सेकंदाला १०० लिटर पाणी २० मीटर खाली आणले, तर १२ हजार वॉट, म्हणजे १२ किलोवॉट वीज मिळेल. दोनशे घरांना प्रत्येकी ६० वॉट वाटता येतील.

यासाठी ओढ्यावर लहान बंधारा घालतात. गाळ खाली बसावा म्हणून टाकी बांधतात. तिथून जाड पाइपाने पाणी खाली सोडतात. ते जोराने टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, पाती फिरतात, त्यांना जोडलेले जनित्र फिरते. वापरलेले पाणी पुन्हा ओढ्याला मिळते. आपल्या देशात ही विद्या जुनी आहे. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ साली १३० किलोवॉटचे पहिले वीजघर सुरू झाले. आज सरकारी व्याख्येप्रमाणे २५ मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प लघु समजला जातो. एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट.

फुकट पाण्याचा खर्च

मग काकांचे म्हणणे खरे नाही का? अर्धे खरे आहे. पाण्याला पैसे पडत नाहीत, पण ते अडवायला, वळवायला आणि खाली आणायला पडतात. तेही सगळे आधीच. विजेचे पहिले युनिट तयार होण्यापूर्वी जवळजवळ सारी रक्कम सिमेंट, लोखंड आणि यंत्रांत गेलेली असते. त्यातली बरीच कर्जाची असते. काम दोन वर्षे लांबले, तर दोन वर्षे व्याज चढते आणि कमाई शून्य.

दुसरी गोष्ट, नदी बारा महिने सारखी वाहत नाही. एक मेगावॉटचे यंत्र वर्षभर एक क्षणही न थांबता चालले तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज होईल. पत्रकवाले हाच आकडा दाखवतात. पण केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवताना हिमाचल, उत्तराखंडसारख्या हिमनद्यांच्या राज्यांसाठी याच्या ४५ टक्के आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ३० टक्केच वीज धरीत आला आहे. म्हणजे ८७ लाखांचे झाले सव्वीस लाख. जो माणूस पूर्ण आकड्यावर दामदुप्पट सांगतो, तो उन्हाळा विसरतो किंवा आपल्याला विसरायला लावतो.

आपल्या राज्यातली पुष्कळशी लघु वीजघरे धरणांच्या पायथ्याशी आहेत. पैठणला १२ मेगावॉट, उजनीला १२, वीरला ९, भाटघरला १६. शेतीला किंवा शहराला पाणी सुटते, तेव्हा जाता जाता ते टर्बाइन फिरवते. धरणात पाणी नसेल, आवर्तन सुटले नाही, तर यंत्र उभे. राज्य सरकारने २००५ साली धोरण करून असे प्रकल्प खासगी मंडळींनाही उघडे केले. त्यांनी बांधायचे, ३० वर्षे चालवायचे आणि मग सरकारला परत करायचे. तेव्हा हा धंदा खोटा नाही. पण त्यात पैसा सावकाश येतो, पावसाच्या मर्जीने येतो. पाच वर्षांत दुप्पट होणारे हे झाड नव्हे.

एवढे काकांना पटले. पण आम्हाला यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या गावातून पाणी वाहते, ज्यांच्या हातांनी बंधारा बांधला जातो, त्यांचा त्या विजेत वाटा किती? दोन ठिकाणची हकिकत सांगतो. एक आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि दुसरी नेपाळातली.

बिलगाव : घाम गावाचा, कागद कोणाचाच नाही

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, धडगाव तालुक्यात बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. तिथे उदई नदीला धबधबा आहे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होऊन गेली तरी गावात विजेचा खांब आला नव्हता. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि केरळहून आलेले दोन तरुण इंजिनिअर यांच्या मदतीने गावाने स्वतःच वीज करायचे ठरवले. दगड, वाळू, सिमेंट लोकांनी वाहिले. बाया-बापड्यांनी श्रमदान केले. परदेशातल्या भारतीयांच्या एका संस्थेनेही पैशाची मदत केली. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचे वीजघर सुरू झाले आणि सुमारे १८० घरांत दिवा लागला. हिशेब केला तर घराला ऐंशी वॉटच्या आसपास. रॉकेलच्या चिमणीच्या धुरात ज्यांचा जन्म गेला, त्यांनाच त्या ऐंशी वॉटची किंमत कळेल. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात नायक गावासाठी पाण्यावर वीज करतो, ती कल्पना याच गावावरून सुचली असे सांगतात.

पण बिलगाव सरदार सरोवराच्या वरच्या अंगाला होते. मार्च २००६ मध्ये त्या धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात फुगलेले पाणी बिलगावच्या वीजघरात शिरले आणि गावाने उभारलेला प्रकल्प बुडाला. सरदार सरोवराची वीज १,४५० मेगावॉट, त्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. राज्याच्या नावाने २७ टक्के कागदावर लिहिलेले होते. बिलगावच्या नावाने काय लिहिलेले होते? ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले, त्यांच्या घामाची नोंद त्या मोठ्या वहीत कुठेच नव्हती.

रसुवा : दहा टक्क्यांची गोष्ट

आता नेपाळकडे वळू. काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेला लागून रसुवा जिल्हा आहे. तिथे बहुसंख्य वस्ती तामांग लोकांची. हे लोक बौद्ध आहेत. डोंगरातून पाठीवर ओझी वाहून पोट भरायचे, हे त्यांच्या कित्येक पिढ्यांच्या नशिबी आले. १८५४ साली नेपाळच्या राज्यकर्त्यांनी 'मुलुकी ऐन' नावाचा कायदा केला आणि साऱ्या समाजाची जातवार उतरंड कायद्यात लिहून काढली. त्यात तामांगांना गुलाम करता येतील अशा जातींत बसवले होते. मनुस्मृतीचा जाच भोगलेल्या आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगायला नको.

याच रसुवात चिलिमे नावाचा २२ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प २००३ साली सुरू झाला. आपल्या व्याख्येप्रमाणे तो लघुच. त्याच्या कंपनीचे भाग असे वाटले गेले : ५१ टक्के सरकारी वीज प्राधिकरणाचे, २५ टक्के कर्मचाऱ्यांचे आणि २४ टक्के जनतेचे. या २४ पैकी १० टक्के भाग रसुवा जिल्ह्याच्या रहिवाशांसाठी राखून ठेवले. दर्शनी किंमत शंभर रुपये. स्थानिक लोकांना दहा टक्के भाग देण्याची ही पद्धत नेपाळात पुढच्या अनेक प्रकल्पांनाही लागू झाली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कायद्याने गुलामाच्या यादीत लिहिले होते, त्यांच्या नातवंडांची नावे वीज कंपनीच्या भागधारकांच्या यादीत लिहिली गेली. दोन्ही वेळा नाव कागदावरच लिहिले गेले. कागद कोणता, यावर माणसाचे जिणे ठरते.

म्हणजे तिथे सारे गोड आहे असे नाही. ज्याच्या गाठीला शंभर रुपये नाहीत, त्याला राखीव भागाचा उपयोग काय? तो कर्ज काढतो किंवा मागे राहतो. शिवाय निसर्ग कोणालाच हमी देत नाही. चिलिमेच्या कंपनीनेच पुढे रसुवागढी येथे १११ मेगावॉटच्या मोठ्या प्रकल्पात पैसा घातला. २०१५ च्या भूकंपाने काम रखडले आणि वर्षानुवर्षे लांबले. अखेर यंत्रे फिरू लागली, तर ८ जुलै २०२५ रोजी भोटेकोशी नदीला महापूर आला. सीमेवरचा मितेरी पूल वाहून गेला आणि रसुवागढीच्या प्रकल्पाचे मोठे नुकसान झाले. काकांच्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर आमच्यापाशी नाही. जे पाणी यंत्र फिरवते, तेच एका रात्रीत यंत्र वाहूनही नेते.

बाबासाहेबांच्या टेबलावरची वीज

वीज हा आपला विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला आठवण करून द्यावी लागेल. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हे खाते त्यांच्याकडेच होते. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्या कारकिर्दीत. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय कारखानदारी वाढणार नाही आणि त्याशिवाय गरिबाची दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे घटनेतच लिहावे अशी मागणी केली. मालकी कोणाची, हा प्रश्न त्यांनी कधीच दुय्यम मानला नाही. आणि जे हवे ते कायद्यात लिहून घ्यावे, हाच त्यांचा आग्रह होता.

पैसे देण्यापूर्वी विचारा

म्हणून घराघरांतून पुढील गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

कंपनी जनतेकडून पैसे गोळा करीत असेल, तर तिची सेबीकडे नोंद आहे का, ते पाहा. ठेव म्हणून पैसे घेत असेल, तर २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे, हे त्या गृहस्थाला सांगा. खरा माणूस कागद दाखवील, खोटा विषय बदलेल.

प्रकल्प कोणत्या नदीवर, कोणत्या गावात आहे ते विचारा. पाणी वापरायची परवानगी कोणाच्या नावाने आहे? वीज कोण विकत घेणार, कोणत्या दराने, किती वर्षे? तो करार झाला आहे की व्हायचा आहे? उन्हाळ्यातले पाणी किती वर्षे मोजले? आणि पाच वर्षांत दामदुप्पट असे शब्द दिसले, की पुढे काही विचारू नका, पत्रक परत करा.

आणि ज्यांची गावे सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या कुशीत आहेत, ज्यांच्या ओढ्यावर उद्या कोणी बंधारा घालायला येईल, त्यांनी ग्रामसभेत उभे राहून एकच गोष्ट मागावी. मजुरी तर घ्यावीच, पण वाटाही मागावा, आणि तो लिहून मागावा. त्यात भूमिहीनाचे आणि विधवा बाईचे नाव आहे की नाही, तेही वाचून पाहावे.

काकांनी ते पत्रक आमच्याकडेच ठेवले. दोन लाख त्यांनी पोस्टात टाकले. व्याज फार नाही, पण रात्री झोप लागते, असे म्हणाले. जाताना पत्रकावरचा धबधबा पुन्हा एकदा निरखून पाहिला आणि विचारले, "या चित्रात त्या गावची माणसं कुठं दिसत नाहीत हो?"

आम्हीही नीट पाहिले. खरोखरच एकही माणूस नव्हता.