पाचवे उद्यान होणार का?

वॉल्ट डिस्नेने फ्लोरिडात जमीन घेतली ती चोरपावलांनी. निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून सुमारे 27,000 एकर दलदल आणि रान गोळा केले. 1965 च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्राने नाव फोडले आणि भाव कडाडले. आमच्याकडे मोजणीच्या खुंट्या दिसल्या की पारावर जे होते, तेच तिथे झाले!

तेव्हापासून तर्कांना खंड नाही. 1971, 1982, 1989 आणि 1998 अशी चार उद्याने झाली. जून 2024 मध्ये स्थानिक मंडळाशी झालेल्या करारात पाचव्या मोठ्या उद्यानाला वाव ठेवला आहे, म्हणून अनेकांनी ते झालेच असे धरले. मला हे पटत नाही. बिनशेती झालेल्या प्रत्येक तुकड्यावर घर उभे राहते थोडेच? ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने तिथल्यासाठी जे मोठे विभाग जाहीर केले, ते जुन्या उद्यानांतलेच आहेत. मॅजिक किंग्डममधली नदी जुलै 2025 मध्ये बंद झाली. तिच्या जागी मोटारींचा विभाग, त्यापलीकडे खलनायकांचा. नवे उद्यान म्हणजे नवे रस्ते, वाहनतळ, हजारो कामगार. शिवाय आपलेच गिऱ्हाईक फुटण्याची धास्ती. शेजारच्या युनिव्हर्सलने मे 2025 मध्ये नवे उद्यान उघडले, हा मात्र विरुद्ध बाजूचा खरा मुद्दा.

आणखी एक. वॉल्टच्या मनात उद्यानापेक्षा 20,000 वस्तीचे नगर होते. 1966 मध्ये भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून त्याने ते चित्रपटात समजावले, त्याच वर्षी तो वारला. 1982 मध्ये त्या नगराच्या ‘एपकॉट’ या नावाने उघडले ते उद्यानच.